आदर्श गल्लीचा कचरा

कचरा ही जगातली एकमेव वस्तू अशी आहे, की जी हातातून सुटताक्षणी दुसऱ्याची होते. घर, जमीन, दागिने यांच्या मालकीवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडतात. पण भरलेल्या कचऱ्याच्या पिशवीवर हक्क सांगायला कोणी उभं राहिल्याचं ऐकिवात नाही. (एक अपवाद झाला. तो याच गोष्टीत पुढे येतो.) असा बेवारस माल शहरभर सांडत राहू नये म्हणून सुसंस्कृत समाजाने पालिका नावाची संस्था काढली आणि त्या संस्थेने घनकचरा विभाग काढला. त्या विभागाला जागा काढायची तेवढी राहून गेली.

त्यामुळे या शहराच्या पालिकेत घनकचरा विभाग जिन्याखाली होता. खोलीला एक खिडकी होती आणि ती मागच्या आवारात उघडायची, जिथे विभागाच्या गाड्या उभ्या असत. गाड्यांचे सरळ तीन वर्ग होते: किल्लीने चालू होणाऱ्या, ढकलून चालू होणाऱ्या, आणि दुरुस्तीच्या प्रतीक्षेतल्या. तिसऱ्या वर्गातल्या एका गाडीवर रानवेल चढला होता. तो इतका छान फुलायचा की वरच्या मजल्यावरच्या उद्यान विभागाने आपल्या वार्षिक अहवालात त्याचा फोटो टाकला होता.

या खोलीत उपसाहेब बसायचा. विभागाचे साहेब निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा भरली गेली नव्हती, म्हणून साहेबांचं सगळं काम उपसाहेबाकडे होतं आणि साहेबांची खुर्ची फायलींकडे. उपसाहेब भला माणूस होता. सकाळी लवकर आवारात जाऊन ड्रायव्हर मंडळींबरोबर दुसऱ्या वर्गातल्या गाड्या ढकलायला स्वतः खांदा लावायचा. आयुष्यात एकदा तरी सगळ्या गाड्या किल्लीने चालू झालेल्या ऐकाव्यात एवढीच त्याची इच्छा होती. माणसाने महत्त्वाकांक्षा बाळगावी ती अशी, बेताची. म्हणजे ती पूर्ण न झाल्याचं दुःखही बेताचं होतं.

आणि एके दिवशी निधी आला. म्हणजे आला नाही. येऊ शकतो असं कळलं. दूरच्या कुठल्याशा मोठ्या शहरात एक नागरी सुधारणा निधी होता आणि त्याला चांगल्या कामावर पैसे खर्च करायचे होते. नव्या गाड्या, कचरा निवडायची शेड, डोंगर झालेला कचरा डेपो बंद करणं, सगळ्याला तो तयार होता. अट एकच: आधी एका गल्लीत हे नीट करून दाखवा, मग शहराचं बघू.

आयुक्तांनी तातडीची बैठक बोलावली. बँक आणि दातांचा दवाखाना यांच्यामधली पुढची गल्ली एकमताने निवडण्यात आली. निवडीचे निकष असे: गल्ली आखूड आहे, घरांना रंग ताजा आहे, आणि पाहुणे चालून दमायच्या आत ती संपते.

“उपसाहेब,” आयुक्त म्हणाले, “या गल्लीत कचरा दिसता कामा नये.”

“साहेब, दिसता कामा नये, की असता कामा नये?”

आयुक्तांनी चष्मा काढून पुसला. “अहवालात काही फरक पडतो का?”

“तसा नाही पडत.”

“मग दिसता कामा नये.”

लगेच कामाला सुरुवात झाली. शहरातल्या किल्लीने चालू होणाऱ्या सगळ्या कचरागाड्या आदर्श गल्लीत तैनात झाल्या. बाकीच्या गल्ल्यांसाठी ‘तात्पुरती पुनर्रचित सेवा’ लागू करण्यात आली. (पुनर्रचना अशी होती की सेवा नव्हती.) आदर्श गल्लीतल्या घराघरात ओल्या कचऱ्यासाठी हिरवी आणि सुक्यासाठी निळी अशा दोन देखण्या बादल्या दिल्या गेल्या. फाटकांवर ‘आदर्श घर’ अशा पाट्या लागल्या. एक पाहणीही झाली. ‘आपण ओला-सुका कचरा वेगळा करता का?’ या प्रश्नाला अठ्ठ्याण्णव टक्के रहिवाशांनी ‘हो’ म्हणून सांगितलं. उरलेल्या दोन टक्क्यांनी ‘तुम्ही करता का?’ असं उलट विचारलं, म्हणून त्यांची नोंद ‘घरी कोणी नव्हते’ या रकान्यात झाली.

फळ अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसलं. पहिल्या आठवड्यात कचरा अर्ध्यावर आला. मग पावावर. पुढे पुढे गाड्या दिवसभर गल्लीत उभ्या राहून संध्याकाळी रिकाम्याच परत येऊ लागल्या. ड्रायव्हरांनी गाडीच्या हौद्यात सतरंजी टाकून पत्ते मांडले. उपसाहेबाला गहिवरून आलं. लोक बदलतात, फक्त त्यांना संधी द्यावी लागते, असं त्याने अहवालात लिहिलं; आणि ते त्याला खरोखर वाटत होतं, हे इथे आवर्जून सांगायला हवं, कारण अहवालात असं क्वचित घडतं.

आता, झालं होतं ते इतकंच की बादल्या फार सुंदर होत्या. असल्या बादलीत कोण काल रात्रीचं उष्टं टाकेल? एका बाईंनी हिरव्या बादलीत मोजे भिजत घालायला सुरुवात केली होती, बँकेच्या मॅनेजरने निळीत छत्र्या उभ्या केल्या होत्या. शिवाय फाटकावर पाटी, दारात गाडी, गाडीत चार माणसं. सगळ्यांच्या देखत आपल्या घरातून काय काय निघतं ते दाखवायची सभ्य माणसाला लाज वाटणारच. मात्र याच सुमारास त्या गल्लीत पहाटे फिरायला जायची मोठी लाट आली होती. मंडळी जाताना हातात पिशवी नेत आणि येताना मोकळ्या हातांनी, प्रसन्न चेहऱ्याने परत येत.

आदर्श गल्लीच्या पाठीला पाठ लावून मागची गल्ली होती. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोळ होता. बोळातून मागच्या गल्लीत आलं की पहिलं फाटक उपसाहेबाच्या घराचं.

एका सकाळी ते फाटक उघडेना. उपसाहेबाने ढकललं, खांदा लावला (सवय होती), तेव्हा कुठे ते थोडं सरकलं. पलीकडे कचऱ्याचा हा ढीग.

बायको बाहेर आली. ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिची नजर अशी तयार झाली होती की तिच्यापासून काही लपत नसे. तिने ढिगाकडे पाहिलं, वाकून त्यातली एक पांढरी वस्तू उचलली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. तो प्लॅस्टरमध्ये घेतलेला दातांचा साचा होता. वरचा जबडा.

“हे दात आपल्या गल्लीतले नाहीत,” ती म्हणाली.

“काहीतरीच. दातांवरून कसं कळेल?”

“अहो, आपल्या गल्लीत दात बसवून घेण्याइतके पैसे कोणाकडे आहेत? हा तुमच्या आदर्श गल्लीच्या दवाखान्याचा कचरा आहे. आणि या बँकेच्या चिठ्ठ्या. आणि हा कागद बघा, असला महागडा साबण आपल्याकडे कोणी आणतं का?”

“अगं, पण तिथल्या पाहणीत तर...”

“पाहणी तिथे करता, कचरा इथे येतो.”

त्याने विषय बदलला. तिने तक्रार केली. पालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन करून ‘आमच्या दारात दुसऱ्यांचा कचरा आहे’ असं तिने रीतसर सांगितलं. तक्रार नियमानुसार संबंधित अधिकाऱ्याकडे गेली. संबंधित अधिकारी तिच्यासमोरच बसून चहा पीत होता. त्याची मोठी पंचाईत झाली. मागच्या गल्लीत कचरा आहे असं मान्य करावं, तर तो कुठून आला हे सांगावं लागणार; ते सांगावं, तर निधी गेला, गाड्या गेल्या, सगळं गेलं. शेवटी त्याने मन घट्ट केलं आणि जवळच्या गल्लीची, म्हणजे आदर्श गल्लीची, प्रत्यक्ष पाहणी केली. कचरा आढळला नाही. तसा शेरा मारला. बायकोच्या मोबाइलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. आमच्या सेवेला गुण द्या.’

तिने जे गुण दिले ते पालिकेच्या इतिहासात सर्वांत कमी होते. त्याहून कमी द्यायची त्या यंत्रात सोय नव्हती.

ढीग वाढत गेला आणि एक दिवस व्हायचं ते झालं. शेजारच्या काकू दूध आणायला निघाल्या आणि त्यांचा पाय एका खालच्या जबड्यावरून घसरला. घोटा मोडला. पायाला प्लॅस्टर घालून त्या खाटेवर पडल्या. त्या दिवसापासून बायकोने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढलं जाई, दिवा मालवला जाई, पण शब्द नाही. तिच्या गप्प बसण्याला जो आवाज होता तो उपसाहेबाला ऑफिसातही ऐकू येई.

तो बिस्किटांचा पुडा घेऊन काकूंना भेटायला गेला. काकूंनी प्रेमाने जवळ बसवून घेतलं.

“तुझी काय चूक रे यात? तू बिचारा काय करणार? तुझं खातं कुठलं?”

“घनकचरा, काकू.”

“हो का?” काकूंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “मला वाटायचं पाणीपुरवठा.”

तो घरी आला तो पुडा हातातच घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून आयुक्तांकडे मागणी केली, की मागच्या गल्लीसाठी एकच गाडी द्या, फार तर ढकलायची द्या.

“निधी आला की,” आयुक्त म्हणाले.

“साहेब, आमच्या शेजारच्या काकूंचा पाय मोडलाय.”

“मला काय कळत नाही का, उपसाहेब? निधी आला की सगळ्या काकूंची सोय करू.”

शेवटी पाहणीचा दिवस उजाडला. निधीकडून एक मॅडम आल्या. ठेंगण्या, पायात चालायचे बूट, बोलणं कमी. आयुक्तांना असे पाहुणे आवडत नसत, कारण कमी बोलणारी माणसं बघत बसतात. गल्ली आरशासारखी चकचकीत होती. रहिवासी फाटकांपाशी पाटीच्या उजव्या बाजूला, ठरल्याप्रमाणे, हसत उभे होते. मॅडमनी पहिल्या घराच्या बादलीचं झाकण उचललं. रिकामी. दुसऱ्या घराची. रिकामी. तिसरीत मोजे होते. चौथीत छत्र्या.

“कचरा कुठे आहे?” मॅडमनी विचारलं.

“नाहीच!” आयुक्त आनंदाने म्हणाले. “मॅडम, आमच्या या गल्लीत आता कचरा होतच नाही!”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या. “मग तुम्हाला गाड्या कशाला हव्यात?”

हौद्यातल्या ड्रायव्हरांनी पत्ते पालथे ठेवले. मॅडमच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. ज्या गल्लीत कचरा नाही तिला कचरागाडी देणं म्हणजे निरोगी माणसाला खाटेवर बांधून ठेवण्यासारखं झालं असतं. आयुक्तांनी मॅडमना चहासाठी दातांच्या दवाखान्यात नेलं आणि जाता जाता उपसाहेबाच्या कानाशी लागले: “कचरा आणा. ताबडतोब. आणि चांगला आणा, वेगळा केलेला.”

चांगला कचरा शहरात कुठे मिळेल हे उपसाहेबाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो धोतराला आग लागल्यासारखा बोळातून पळाला.

मागच्या गल्लीत त्याच्या घरासमोर जुनी चादर अंथरलेली होती आणि गल्लीतल्या सगळ्या बायका कामाला लागल्या होत्या. बायकोच्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. तिने ठरवलं होतं, की आता तक्रार पुरे. ज्याचा कचरा त्याच्या दारात नेऊन द्यायचा. पण परत द्यायचा तर कोणाचा कुठला हे कळायला हवं, म्हणून आधी निवडणं आलं. ओलं एकीकडे, कागद एकीकडे, बाटल्या एकीकडे, आणि जबडे ओळीने भिंतीला टेकवून, वरचे वर, खालचे खाली. काकू प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या आणि कुठलं काय कुठे जायचं ते काठीने दाखवत होत्या. आदर्श गल्लीत ज्यासाठी बादल्या, पाट्या आणि पाहण्या झाल्या, ते इथे नुसत्या रागाने झालं होतं.

“अगं,” उपसाहेब धापा टाकत म्हणाला, “हा कचरा मला दे.”

बायको कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोलली. “का म्हणून?”

“पालिकेचा आहे तो.”

“पालिकेचा कसा? तुमचाच नियम आहे ना, ज्याच्या दारात कचरा त्याला दंड? दंड आम्ही भरायचा तर माल आमचा.”

“बरोबर बोललीस,” काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्ही तरी समजून घ्या. मॅडम तिथे चहा पितायत. कपभर चहाला कितीसा वेळ लागतो?”

“मग बोलण्यात घालवू नका तो,” बायको म्हणाली. “गाडी आणा. आमच्या गल्लीत, रोज. किल्लीने चालू होणारी.”

“निधी आला की लगेच...”

सगळ्या बायका एकदम हसल्या. काकूंनी काठी आपटली. “आधी गाडी, भाऊ. मग कचरा.”

उपसाहेब तिथेच उभा राहिला. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वरच्यांना न विचारता त्याने फक्त शिंक दिली होती, तीही रुमालात. पण समोर बायको होती, तिच्यामागे काकूंचा पाय होता, आणि भिंतीला टेकलेले सगळे जबडे त्याच्याकडे बघून हसत होते. त्याने मुकादमाला फोन लावला.

“एक गाडी मागच्या गल्लीत आण. आत्ता.”

“साहेब, लेखी आदेश?”

“माझ्या बायकोचा आदेश आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं?” मुकादम म्हणाला. “आलोच.”

गाडी आली. बायका भराभर पोती उचलून देऊ लागल्या. उपसाहेबाने बाह्या सरसावल्या, पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, आणि ते हौद्यात पडल्याचा धप्प आवाज ऐकून त्याला असं काही बरं वाटलं की त्याने दुसरं उचललं, मग तिसरं. बायकोने त्याच्या कॉलरवरची केळ्याची साल काढून ओल्यात टाकली. एवढंच. पण त्या दोघांचं भांडण तिथे संपलं.

चादर अर्धी मोकळी झाली होती, तेवढ्यात बोळातून मॅडम आल्या. आवाज कसला म्हणून चहा तसाच ठेवून निघाल्या होत्या. त्यांनी निवडलेले ढीग पाहिले, काकूंची काठी पाहिली, घामाघूम झालेला अधिकारी पाहिला.

“ही कुठली गल्ली?”

मॅडमच्या मागून आयुक्त धापा टाकत पोचले. मोठी माणसं मोठी का होतात ते अशा वेळी कळतं. “हीच, मॅडम!” ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “हीच आमची आदर्श गल्ली. ती तिकडची तुलनेसाठी ठेवली आहे.”

मॅडम बायकोकडे वळल्या. “तुम्ही हे सगळं का करता?”

“आमच्या दारात येऊन पडतो म्हणून,” बायको म्हणाली. “काकूंचा पाय मोडला म्हणून.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढे छापील अहवालात त्याचं ‘स्थानिक पातळीवरील उत्स्फूर्त प्रेरणा’ असं झालं, आणि इतर शहरांनीही काकूंसारखी प्रेरणा उपलब्ध करून घ्यावी अशी शिफारस झाली.

निधी मंजूर झाला. नव्या गाड्या आल्या. एका सकाळी आवारात त्या सगळ्या एकदम किल्लीने चालू झाल्या, आणि उपसाहेब जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीत उभा राहून लहान मुलासारखा ऐकत राहिला. त्याची इच्छा पूर्ण झाली. मागच्या गल्लीत फाटकाफाटकावर पाट्या लागल्या, बादल्या वाटल्या गेल्या, बऱ्या झालेल्या काकूंच्या हस्ते फीत कापली गेली. पुढच्या गल्लीला पुनर्रचित सेवा लागू झाली. तिथला दातांचा डॉक्टर तावातावाने तक्रार करायला आला, तर त्याला मोबाइलवर लगेच समाधानकारक निवारण मिळालं.

सगळं सुरळीत चाललं होतं. महिना-दोन महिन्यांनी उपसाहेब पहाटे फिरायला निघाला, तशी बायकोने आतून हाक मारली.

“अहो, जाताच आहात तर ही तेवढी पिशवी घेऊन जा.”

“कुठे?”

“पलीकडे.”

“अगं, दारात गाडी उभी आहे की!”

“चार माणसं बसलीयत तिथे. कालचं सगळं खरकटं आहे त्यात. बरं दिसतं का? आणि बादली इतकी छान आहे, काकूंनी तर त्यांच्या बादलीत रोपं लावलीयत.” तिने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ती गल्ली काही आता आदर्श नाहीये ना.”

उपसाहेब फाटकात घुटमळला. त्याला वाईट वाटलं. बोळाच्या तोंडापर्यंत ते वाटत राहिलं. बोळात समोरून काकू येत होत्या, मोकळ्या हातांनी. दोघांनीही हवा किती छान पडली आहे याबद्दल चार शब्द बोलून घेतले.

आता निधीच्या दुसऱ्या टप्प्यात शहरातल्या सर्व गल्ल्या आदर्श करण्याचं पालिकेने ठरवलं आहे. फक्त एक गल्ली वगळावी लागेल, कारण शेवटी कुठेतरी टाकायला हवं. ती गल्ली कोणती, यासाठी मोठा अभ्यास झाला. तिथले लोक वाचणारे असावेत, व्यवस्थेवरचं असलं काही वाचून त्यांना मनापासून हसू यावं, ‘अगदी खरं लिहिलंय हो’ असं त्यांनी म्हणावं, आणि मग पान उलटून आपापल्या कामाला लागावं, म्हणजे कसली कटकट नाही, असा निकष ठरला. तुम्ही मघाशी दोन-तीनदा हसलात, त्याची नोंद घेण्यात आली आहे. तुमच्या गल्लीची एकमताने निवड झाली आहे. उद्या सकाळी फाटक जरा जपून उघडा.